गाड्यांचा बोगदा की मेट्रो? भोक स्वस्त असतं, तोंडं महाग असतात

भाच्याचा प्रश्न होता, तो आधी जसाच्या तसा देतो. "मामा, मस्कने लास वेगासमध्ये पावणेचारशे-चारशे कोटीत दोन बोगदे खणले, त्यात टेस्ला सोडल्या, लोक बसतात आणि दोन मिनिटांत पलीकडे जातात. आपण मुंबईतल्या भुयारी मेट्रो ३ वर ३७ हजार कोटी घातले. त्यापेक्षा छोटे छोटे बोगदे करून त्यात इलेक्ट्रिक गाड्या का नाही सोडल्या? तुम्ही बोगदेवाले सोपं काम मुद्दाम अवघड करता ना?"

शेवटचं वाक्य सरळ मला होतं. मी बावीस वर्षं याच कामात आहे, त्यातली निम्मी जमिनीखाली गेली, त्यामुळे टोमण्याचं उत्तर जरा लांबणारच. चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे शब्द. आपल्या मुंबईत सबवे म्हटलं की मिलन सबवे, अंधेरी सबवे आठवतो, म्हणजे रुळांखालून जाणारा आणि पहिल्या जोरदार पावसात भरणारा रस्ता. अमेरिकेत सबवे म्हणजे भुयारी रेल्वे. मी खाली मेट्रोच म्हणणार आहे, नाहीतर गोंधळ होईल.

आता वेगास. भाचा सांगतो ते खोटं नाही, ते खरंच स्वस्तात झालं. कन्व्हेन्शन सेंटरच्या आवारात २०२१ ला सुरू झालेली ती सोय साधारण ५.२५ कोटी डॉलरची, तीन स्टेशनं, मैलभराच्या आतलं अंतर, बोगद्याचा आतला व्यास १२ फूट. गाड्या साध्या टेस्ला आणि चालवायला ड्रायव्हर. ठरलेली क्षमता तासाला ४४०० माणसं. एक्झिबिशनच्या दिवसांत दिवसाला तीसेक हजार माणसं तिने नेली आहेत असा कंपनीचा दावा आहे, आणि मला तो पटतो. २०२२ च्या जानेवारीत बोगद्याच्या आतच गाड्यांची रांग लागल्याचा व्हिडिओ फिरला होता, त्यावर लोक फार हसले, मी नाही हसलो, कारण रांग कुठे लागली हे बघण्यासारखं होतं. बोगद्याच्या मधोमध काही बिघडलं नव्हतं, पुढे स्टेशनात गाड्यांना जागा मिळत नव्हती आणि मागच्या सगळ्या थांबल्या होत्या.

बस, माझं सगळं उत्तर त्या रांगेत आहे. बोगदा म्हणजे पाइप. पाइप कितीही लांब करा, किती माणसं जाणार ते ठरतं दोन टोकांना, जिथे माणूस आत शिरतो आणि बाहेर पडतो तिथे. आम्ही साइटवर त्याला तोंडच म्हणतो.

मला माहितीये तुम्हाला आकडा हवाय, तर घ्या. एका लेनमध्ये दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर तासाला १८०० गाड्या जातात. मुंबईत एका कारमध्ये सरासरी दीड माणूस धरा, फार उदार होऊन दोन धरा. म्हणजे अडीच ते साडेतीन हजार माणसं, तीही सगळं सुरळीत चाललं तर. मेट्रो ३ ची आठ डब्यांची गाडी अडीच हजार माणसं घेते. ती सहा मिनिटांनी एक सोडली तरी तासाला २५ हजार, आणि गाड्या वाढवायला जागा आहेच. आता तेवढीच २५ हजार माणसं मस्कच्या पद्धतीने न्यायची म्हटली, एका गाडीत तीन जण बसवले, तर तासाला ८३०० गाड्या लागतील, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत एक. समजा कॉम्प्युटरने तेही जमवलं. पण प्रत्येक गाडीला थांबायला, दार उघडायला, आजीला बसवायला, बॅग डिकीत टाकायला तीस सेकंद तर द्याल? मग एकाच वेळी सत्तर गाड्या फक्त माणसं चढवत उभ्या पाहिजेत, एका दिशेला, कुणीही न चुकता. चर्चगेटला सत्तर गाड्यांचा फलाट कुठे बांधताय ते सांगा, मी उद्या खणायला येतो.

आता खर्चाचं, कारण खरा घोळ तिथेच आहे.

लोक किलोमीटरचा भाव काढतात. मेट्रो ३ म्हणजे ३३.५ किलोमीटर आणि ३७,२७६ कोटी, भागिले केलं की किलोमीटरला ११०० कोटींच्या वर. आणि मग म्हणतात बोगदा खणायला ११०० कोटी लागतात. अहो, नाही लागत. मशीन एकदा लागलं की बोगदा हे त्यातलं सगळ्यात सरळ काम आहे. कटरहेड फिरतं, मक, म्हणजे खणलेली माती-दगड, मागे बेल्टवर किंवा ट्रॉलीत पडतो, दीडेक मीटर पुढे गेलं की थांबायचं, काँक्रीटचे पाच-सहा वळणदार तुकडे (सेगमेंट) आणि शेवटचा छोटा 'की' तुकडा बसवून रिंग पुरी करायची, मागच्या फटीत ग्राउट म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण भरायचं, परत ढकलायचं. चांगल्या दिवशी दहा-बारा मीटर. कंटाळवाणं काम आहे खरं सांगायचं तर, आणि बोगद्यात कंटाळा येणं ही सगळ्यात चांगली गोष्ट. १७ मशीन लावून मेट्रो ३ चं खणकाम २०२२ च्या नोव्हेंबरात महालक्ष्मीला संपलंसुद्धा. गाडी सुरू झाली २०२४ च्या ऑक्टोबरात, तीही फक्त आरे ते बीकेसी, आणि कफ परेडपर्यंत पोचायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. मधली तीन वर्षं कशात गेली? बरीचशी स्टेशनांत.

स्टेशन म्हणजे दोनशे मीटरच्या वर लांब आणि वीस-पंचवीस मीटर खोल खड्डा, भर रस्त्यात, आजूबाजूला शंभर वर्षांच्या इमारती, खाली बेसॉल्ट नाहीतर भरावाची जमीन, वरती पाण्याची, गॅसची, गटाराची, केबलची अशी जाळी की निम्म्या लाइन कुठल्याच नकाशावर सापडत नाहीत. वाहतूक अर्धी वळवायची, अर्धा रस्ता खड्ड्यावर टाकलेल्या डेकवर चालू ठेवायचा. गिरगाव-काळबादेवीला तर तेवढाही रुंद रस्ता नाही, म्हणून तिथे शाफ्ट म्हणजे उभी विहीर उतरवून आतून आडवं खणावं लागलं, थोडं ब्लास्ट, मग शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट), रॉकबोल्ट (खडकात ठोकलेल्या सळ्या), परत थोडं पुढे. २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली. पैसा तिथे गेलाय. आणि तो वाया गेलेला नाही, कारण माणूस बोगद्यात राहत नाही, त्याला स्टेशनातच उतरायचं असतं.

वेगासला स्वस्त का झालं, तर त्यांनी बहुतेक ठिकाणी गाडीच वर आणली. रबरी टायरची गाडी चढ चढते, तिला मेट्रोसारखा तीन-चार टक्क्यांचाच उतार लागत नाही. ही कल्पना चांगली आहे, मी नाकारत नाही. फक्त त्यासाठी वरती पार्किंगएवढी मोकळी जमीन लागते, जी वाळवंटातल्या एक्झिबिशन सेंटरला असते आणि दादरला नसते.

व्यासाचाही एक हिशोब आहे. कोस्टल रोडच्या बोगद्याला जे 'मावळा' मशीन लावलं ते १२.१९ मीटरचं, मेट्रोचं मशीन साधारण साडेसहा मीटरचं. दिसायला दुप्पट, पण खणावं लागतं साडेतीन पट, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. तेवढाच जास्त मक, तेवढेच जास्त डंपर, तेवढंच जास्त काँक्रीट. शिवाय गाड्यांच्या बोगद्यात पंखे, धूर, आग, कॅमेरे, इमर्जन्सी लेन सगळं आलं. कोस्टल रोडला साकार्डो नावाची हवा ढकलायची पद्धत वापरलीये, भारतात पहिल्यांदा. कामं उत्तम आहेत, मलबार हिलखालून दोन किलोमीटरचे दोन बोगदे काढणं खायचं काम नाही, खणणाऱ्या पोरांना माझा सलाम. पण त्यातून जातं काय? कार. बाइकला आणि रिक्षाला बंदी. मुंबईत रोज ज्याला लोकलमध्ये लटकावं लागतं त्याला तो बोगदा दिसतसुद्धा नाही. आणि कारवाल्याची तरी गंमत बघा, साठच्या स्पीडने आत दोन मिनिटं वाचली की बाहेर सिग्नल, त्यापुढे पार्किंग शोधत वीस मिनिटं. रस्त्याच्या बोगद्याचं पार्किंग कुणाच्याच खर्चात धरलेलं नसतं हे जरा लक्षात घ्या.

बरं, आता माझ्याच विरुद्ध एक उदाहरण देतो, नाहीतर म्हणाल मामा मेट्रोचा माणूस. न्यूयॉर्कचा लिंकन टनेल हा सरळ सरळ गाड्यांचा बोगदा आहे, हडसन नदीखालून जाणारा. १९७० पासून सकाळी त्यातली एक लेन फक्त बसला देतात. सहा ते दहा या चार तासांत त्या एका लेनमधून साधारण १८५० बस जातात आणि ७० हजारांच्या आसपास माणसं. एक लेन! म्हणजे रस्त्याचा बोगदासुद्धा मेट्रोच्या जवळपास माणसं नेऊ शकतो, अट एकच, त्यात कार नाही बस पाहिजे. पण परत तोंड आलंच. त्या बस पलीकडे रिकाम्या करायला मॅनहॅटनमध्ये मधोमध एक अवाढव्य बहुमजली बस टर्मिनल आहे, १९५० पासून, आणि तेच आता अपुरं पडतंय म्हणून नवीन बांधताहेत. लेन फुकट पडली, टर्मिनल नाही.

याहून मला आवडणारी गोष्ट सिएटलची, कारण तिथे एकाच गावात, जवळपास एकाच महिन्यात दोन्ही बाजू बघायला मिळाल्या. १९९० ला त्यांनी शहराच्या मध्यात जमिनीखाली दोन किलोमीटरचा बोगदा केला, पाच स्टेशनं, आणि त्यात सोडल्या बस. वरच्या गर्दीतून सुटका, लोक खूश. २००९ पासून त्याच बोगद्यात बसच्या मागे-पुढे लाइट रेल्वेही धावायला लागली. आता कल्पना करा, ट्रेन आली आणि पुढच्या बसमध्ये कुणी व्हीलचेअर चढवतंय, कुणी ड्रायव्हरला पत्ता विचारतंय, ट्रेन थांबली, तिच्यामागची बस थांबली. दहा वर्षं असं ढकलगाडी चाललं आणि २०१९ च्या मार्चमध्ये त्यांनी बस बाहेर काढल्या, बोगदा पूर्ण ट्रेनला दिला. निमित्त झालं बोगद्याच्या एका टोकाच्या बस स्टेशनच्या जागेवर कन्व्हेन्शन सेंटर वाढवण्याचं, पण त्याच भोकातून जास्त ट्रेन सोडायच्या तर बस कधीतरी काढाव्या लागणारच होत्या.

आणि त्याच वर्षी, म्हणजे फेब्रुवारीत, त्याच सिएटलमध्ये गाड्यांचा नवा बोगदा सुरू झाला होता. समुद्रकाठचा जुना दुमजली पूल २००१ च्या भूकंपात खिळखिळा झाला होता, त्याच्या बदल्यात. त्याचं मशीन 'बर्था', १७.५ मीटर व्यासाचं, तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं. ती बया २०१३ च्या डिसेंबरात जमिनीखाली बंद पडली ती बरोबर दोन वर्षं. पुढून खास खड्डा खणून तिचं डोकं वर उचलून काढावं लागलं, दुरुस्त करून परत बसवलं, मग कुठे २०१५ च्या शेवटी हलली. आमच्या धंद्यात कुणी फार मोठ्या व्यासाच्या गप्पा मारायला लागलं की हळूच 'बर्था' म्हणायचं, पुढचा माणूस गप्प होतो. एवढं करून बोगद्यात प्रत्येक दिशेला लेन किती, तर दोन. आणि डाउनटाउनला उतरायला एकही बाहेरचा रस्ता नाही! कारण वर गर्दीच्या वस्तीत रॅम्प काढायला जागा आणि पैसा दोन्ही नव्हते. जुन्या पुलावरून मध्यात उतरता यायचं, नव्या बोगद्यातून शहराच्या खालून पार पलीकडे. ज्याला पलीकडेच जायचंय त्याला झकास आहे. ज्याला शहरात जायचंय त्याच्या काय कामाचा?

म्हणून मी गाड्यांच्या बोगद्याला सरसकट नाही म्हणत नाही. मधे डोंगर आहे, जंगल आहे, फिरून जायला तास लागतो, तिथे करा. ठाणे–बोरिवलीचा बोगदा नॅशनल पार्कखालून जाणार आहे, दोन टोकं, मधे कुणाला उतरायचंच नाही, तिथे रस्त्याचा बोगदा शोभतो. पण एसटी आणि बेस्टच्या बसला त्यात पहिल्या दिवसापासून राखीव जागा द्या, नंतर देऊ म्हटलं की कधीच मिळत नाही. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह हा गाड्यांचा बोगदा मात्र मला पटत नाही. ९ किलोमीटर, आठेक हजार कोटी, ईस्टर्न फ्रीवेवरची गर्दी उचलून मरीन ड्राइव्हला सोडायची, जिथे आधीच कोस्टल रोडची गर्दी येऊन पडते. दोन नळ एकाच बादलीत. बंगळुरूला हेब्बाळ ते सिल्क बोर्ड साडेसोळा-सतरा किलोमीटरचा असाच बेत आहे, तिथले लोक भांडताहेत, बरोबर भांडताहेत.

आगीबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. गाड्यांच्या बोगद्यात धोका असा की आत कोण काय भरून शिरलंय ते तुम्हाला माहीत नसतं. १९९९ ला फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात पेटलेल्या ट्रकमध्ये काय होतं, तर मैदा आणि मार्गारिन, म्हणजे बेकरीचं सामान, आणि ३९ माणसं गेली, बोगदा तीन वर्षं बंद. मेट्रो अगदी निर्धोक असंही नाही, २००३ ला दक्षिण कोरियात देगूच्या मेट्रोत एका माणसाने आग लावली, १९२ गेले. पण त्यानंतर डब्यांचं सामान, दारं, ड्रायव्हरच्या सूचना सगळं बदललं, कारण गाड्या एका यंत्रणेच्या ताब्यात असतात, तिला एकदा सांगितलं की सगळ्या गाड्या बदलतात. रस्त्यावरच्या लाखो गाड्यांना कोण सांगणार? आणि बारा फुटांच्या नळीत एक गाडी बंद पडली तर मागच्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न मी भाच्याला विचारला, तो म्हणाला रिव्हर्स. असो.

पाण्याचं म्हणाल तर दोघांनाही सारखंच भ्यायला पाहिजे. २०२५ च्या मे महिन्यात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं ते काम चालू असलेल्या तोंडातून, बोगद्यातून नाही. परत तोंडच, बघा.

मेट्रो ३ ची बाजू घेतोय म्हणजे ती छान चाललीये असं नाही हं. पूर्ण लाइन सुरू झाली त्या पहिल्या दिवशी दीड लाखावर माणसं बसली, कागदावर अपेक्षा होती त्याच्या मानाने फार कमी. आरे ते कफ परेड ७० रुपये, लोकलच्या पासवाल्याला ते जड जाणारच. खाली मोबाइलला रेंज नाही म्हणून लोकांनी बोंब मारली ती योग्यच. आणि बऱ्याच स्टेशनांना बाहेर आल्यावर बस कुठे, रिक्षा कुठे, फुटपाथ कुठे, कशाचा पत्ता नाही. ३७ हजार कोटी खाली घातले आणि वरच्या पन्नास मीटर फुटपाथला कुणी वाली नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पण हे दुरुस्त होण्यासारखं आहे. तिकीट कमी करता येतं, बस लावता येते, गाड्या वाढवता येतात. दोन लेनच्या बोगद्याची तिसरी लेन करता येत नाही.

एक आठवण सांगतो आणि थांबतो. दक्षिण मुंबईतल्या एका कामावर होतो तेव्हा शेजारच्या चाळीत भिंतीला आम्ही तडा मोजायच्या पट्ट्या लावल्या होत्या, प्लास्टिकच्या दोन चकत्या, त्यावर बारीक रेघा. दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा होते, ते रोज सकाळी चष्मा लावून स्वतःच वाचन घ्यायचे आणि मी आलो की दारातूनच विचारायचे, "काय साहेब, आज किती सरकली?" मी म्हणायचो, आजोबा, शून्य पॉइंट तीन, मिलिमीटर. ते म्हणायचे, "माझ्या हिशोबाने चार आहे, तुमचा पोरगा वाकडा उभा राहून वाचतो." एकदा तपासलं तर खरंच पोरगा वाकडा उभा राहून वाचत होता. त्या दिवसापासून दोन वाचनं लिहायला लागलो, आमचं आणि आजोबांचं.

परवा भेटले. आता मंगळवारी गिरगावहून सिद्धिविनायकला मेट्रोने जातात. कशी वाटली विचारलं तर म्हणाले, गाडी चांगली आहे, गार आहे, पण तुमचा सरकता जिना मला हव्या त्या बाजूला नाही, रस्ता ओलांडावा लागतो, त्याचं काहीतरी करा.